हवामान सांगणाऱ्यांनो, तुमचा मान्सून हर्णैला पोचलाय, औशाला नाही

टीव्हीवर, यूट्यूबवर, पेपरात आणि व्हॉट्सॲपवर हवामान सांगणाऱ्या तमाम मंडळींना,

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका मास्तरचा नमस्कार.

मे महिना संपत आला की तुमची गडबड सुरू होते. अंदमानात आला, केरळात आला, तळकोकणात आला, आणि मग एक दिवस लाल पट्टीवर मोठ्या अक्षरात 'महाराष्ट्रात मान्सून दाखल'. त्या दिवशी आमच्याकडं पारावर बसलेली माणसं आधी आभाळाकडं बघतात, आभाळात काही नसतं, मग माझ्याकडं बघतात, कारण गावात हवामानाचा नाद असलेला मीच एक. मी सांगतो की बाबांनो तो कोकणात आलाय, आपल्याकडं यायला अजून टाइम आहे, बियाणाच्या पिशव्या फोडू नका. पण टीव्हीवाला एवढा कोट घालून सांगतोय म्हटल्यावर मास्तरचं कोण ऐकतंय. म्हणून म्हटलं गावाला सांगून उपयोग नाही, जे सांगतात त्यांनाच लिहावं.

आता मी कोण तुम्हाला शिकवणारा, तर तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक आहे. २००८ ला शिक्षणसेवक म्हणून लागलो, मानधन महिन्याला ३००० रुपये, आणि जिल्हा मिळाला रत्नागिरी. लातूर-बीड-नांदेडची कितीतरी पोरं अशीच कोकणात गेली, अजूनही आहेत, दिवाळीच्या सुट्टीत एसटीला लटकत येतात बिचारी. मला दापोली तालुक्यात हर्णैजवळची एक वाडी मिळाली, शाळेच्या व्हरांड्यातनं समुद्र दिसायचा. तोवर मी समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात बघितलेला. पहिल्या रात्री झोपच लागली नाही, सारखं वाटायचं की शेजारच्या रानात मळणीयंत्र चालू आहे. अकरा वर्षं काढली तिथं, २०१९ ला आंतरजिल्हा बदली झाली आणि परत आपल्या काळ्या रानात आलो. त्यामुळं झालं काय की एकाच राज्यातली दोन हवामानं मी वहीत उतरवून ठेवलीत, तिकडच्या सहा वह्या भरल्या, इकडची चौथी चालू आहे, आणि ह्या वह्या शेजारीशेजारी ठेवून तुमच्या बातम्या ऐकल्या की कधी हसू येतं, कधी डोकं फिरतं.

फरक पहिल्यांदा कळला तो माठामुळं. पहिल्या उन्हाळ्यात मी हौसेनं गावाकडचा काळा माठ एसटीत मांडीवर धरून नेला, दोन एसट्या बदलून, कुणाचा धक्का लागू न देता. तिथं पाणी भरलं, ओलं फडकं गुंडाळलं, खिडकीत ठेवला, सकाळी बघतो तर पाणी कोमटच. बाहेरनं माठाला ही एवढी घामाची धार, खालची फरशी ओली, पण पाणी गार व्हायचं नाव नाही. मला वाटलं कुंभारानं फसवलं. आमचे घरमालक म्हणजे एक आजोबा होते, सगळा जन्म होडीवर गेलेला, ते हसले आणि म्हणाले, "गुरुजी, हवाच पाणी पिऊन बसलीय, तुमच्या माठाचं कुठं पिणार?" ह्यापेक्षा सोप्पं मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. आमच्याकडं मे महिन्यात ४२ अंश असतं पण हवा इतकी कोरडी की माठातनं झिरपलेलं पाणी लगेच उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून तर कूलर चालतो, म्हणून तर डोक्यावर ओला गमछा टाकला की बरं वाटतं. तिकडं ३३ अंश असतं आणि अंगातलं बनियन दिवसभर वाळत नाही. डबीतल्या मिठाला पाणी सुटतं, काडीपेटीच्या दहा काड्या ओढाव्या तेव्हा एक पेटते. हवामान खात्याला हे बरोबर माहीत आहे, म्हणूनच उष्णतेची लाट धरायला सपाटीवर किमान ४० अंश लागतात आणि किनाऱ्यावर ३७ लाच विचार सुरू होतो. तुम्ही मात्र 'आज राज्यात सर्वाधिक तापमान अमुक गावात' एवढं सांगून मोकळे.

बरं किनाऱ्यावरचं ते ३७ येतं कुठनं हे पण गंमतशीर आहे. मार्च महिन्यात तिकडं सकाळी सगळं गपगार असतं, माडाचं पान हलत नाही, आणि साडेदहा-अकराला एकदम झावळ्या फिरतात, समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि माणसात जीव येतो. रोजचं घड्याळच ते. पोरं वर्गात खिडकीकडं बघून म्हणायची, गुरुजी, वारा आला. रात्री उलटं, जमीन लवकर थंड होते आणि वारा डोंगराकडून समुद्राकडं जातो, तो मतलई वारा, पहाटे होड्या त्याच वाऱ्यावर बाहेर पडायच्या असं आजोबा सांगायचे, इंजिनं यायच्या आधीची गोष्ट. पण मार्चमधले काही दिवस असे असतात की पूर्वेचा वारा जोर धरतो आणि खारा वारा दुपारी दोन-दोन वाजेपर्यंत आतच येत नाही, मग पारा चढतो, आंब्याची बारीक फळं गळतात, बागायतदार डोक्याला हात लावून बसतात. आता हा पूर्वेचा वारा कुठला? तर आमचाच! आपल्या पठारावर तापलेली हवा सह्याद्री उतरून खाली जाते आणि उतरताना आणखी तापते. हे कळलं त्या दिवशी मला लई मजा वाटली होती, म्हटलं आपलं ऊन एवढ्या लांब कोकणात येऊन पोचतंय की. त्यांचा पाऊस तेवढा आपल्याकडं पोचत नाही.

पाऊस का पोचत नाही ते मी पुस्तकात शिकवत होतो, पण खरं शिकलो एसटीत. एका जूनच्या शेवटी वडलांची तब्येत बिघडली म्हणून घाईनं निघालो. दापोली, खेड, चिपळूण, सगळीकडं असा पाऊस की ड्रायव्हर अंदाजानं गाडी हाणतोय, कुंभार्ली घाटात तर ढग गाडीच्या आत, वर कोयनानगरला कोकणापेक्षा जास्त. माझ्या खिडकीची काच खाली सरकत नव्हती, अर्धा भिजलो. पाटणला सरी. कराडला भुरभुर. विट्याच्या पुढं वायपर बंद, आणि पंढरपूर ओलांडल्यावर रस्ता कोरडा. बार्शीला उतरून चहा प्यायलो तर वाऱ्यानं कपात माती आली. लातूर आलं तेव्हा माझी पँट पण वाळली होती. सकाळी अंगावर पाणी आणि रात्री त्याच शर्टावर धूळ, एकाच दिवसात, एकाच राज्यात. सह्याद्री ढगांना धुण्यासारखं पिळून घेतो आणि वाळत टाकायला आमच्याकडं पाठवतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतं, आमच्या मराठवाड्यात सातशे-साडेसातशे पडलं तरी चांगलं वर्ष म्हणायचं, आणि तुमच्या नकाशावर दोघांना एकच ढगाचं चित्र!

एवढं सगळं माहीत असूनही २०२३ ला आमच्या घरात व्हायचं ते झालंच. त्या साली अरबी समुद्रात बिपरजॉय नावाचं चक्रीवादळ होतं, केरळातच मान्सून ८ जूनला आला, ११ जूनला रत्नागिरीपर्यंत पोचला. झालं, लगेच 'मान्सून महाराष्ट्रात'. आमच्या रानात त्याच्या आगेमागे वळवाचं एक पाणी झालेलं, माझ्या बाटलीच्या पर्जन्यमापकात ३१ मिलिमीटर. आमचे थोरले बंधू, आण्णा, त्यांनी ओल बघितली, टीव्ही बघितला आणि तिफण जुंपायला काढली. मी म्हटलं आण्णा, कृषी विद्यापीठ ओरडून सांगतंय की ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, हा मान्सूनचा पाऊस नाही, वळीव आहे, संध्याकाळी गडगडून आला आणि तासाभरात गेला, मान्सून असा येत नसतो. आण्णा म्हणाले, तू कोकणात राहून आलास म्हणून तुला सगळा पाऊस कमीच वाटतो. पेरलं. आणि तो मान्सून रत्नागिरीत जो थांबला तो बारा दिवस थांबला. सोयाबीन उगवलं तेवढं उगवलं, कडंकडंनं करपलं, मधे नुसती रेघ. २५ जूनला मान्सून मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला म्हणून तुम्ही कौतुकानं बातमी केली, १९६१ नंतर पहिल्यांदा असं झालं म्हणून, खरंच नवलाची गोष्ट होती, मी पण वहीत लाल पेनानं लिहून ठेवली. पण त्या दिवशी आण्णा दुबार पेरणीचं बियाणं उधार आणायला गेलेले होते. वर त्याच साली ऑगस्ट असा कोरडा गेला की १९०१ पासून देशात तसा ऑगस्ट नाही. दुसऱ्यांदा पेरलेल्यात पण काय निघालं ते लिहीत नाही.

२०२५ ला उलट. २४ मेला केरळ, २६ मेला मुंबई, मुंबईत तर पाऊणशे वर्षांत एवढ्या लवकर नाही. आमच्याकडं पण मे महिन्यातच धो धो, उन्हाळी कांदा, आंबे सगळं भिजलं. आणि मग मान्सून जूनच्या अर्ध्यापर्यंत जागचा हलला नाही. तुम्ही 'विक्रमी वेळेआधी' हे पाच दिवस वाजवलं, आणि तो थांबलाय हे मात्र एका ओळीत, ते पण कुठंतरी खाली. माझी खरी तक्रार इथंच आहे बघा. पाऊस येण्याची बातमी होते, न येण्याची होत नाही. तिकडं हर्णैला चार दिवस पाऊस थांबला तर भाताच्या रोपाला काही होत नाही, पाणी असतंच, उलट बायका म्हणतात बरं झालं, कपडे वाळले. आमच्याकडं उगवणीच्या वेळी दहा दिवसांचा खंड म्हणजे वर्ष गेलं.

आता मी किनाऱ्यावर मान्सून येताना बघितलाय म्हणून सांगतो, तो येणं काय असतं ते. मेच्या शेवटच्या आठवड्यात आभाळ अजून निळंच असतं पण समुद्र बदलतो. आजोबा मला म्हणायचे ढग बघू नका, लाट मोजा. रोजच्या बारीक बारीक लाटांच्या जागी लांब अंतरावर एकेक जड लाट यायला लागते, लांब कुठंतरी खोल समुद्रात वारा सुटलेला असतो त्याची ती चिठ्ठी. पाण्याचा रंग गढूळ होतो. आवाज बदलतो, वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मला तो आवाज पाठीत जाणवायचा. वाडीत आगोटीची घाई, सुकी मासळी, लाकडं, कांदे, तांदूळ भरून ठेवायचे, पडवीला झावळ्यांची झापं बांधायची, होड्या वर ओढून शाकारायच्या. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदच असते. बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागतो. आणि मग एक दिवस पाऊस येतो तो वरनं येतच नाही, आडवा येतो, छत्रीच्या खालनं. गडगडाट फारसा नाही, नुसती झड, तीन तीन दिवस. पेयाची दोन लिटरची बाटली कापून, वरचा भाग उलटा बसवून मी पोरांबरोबर पर्जन्यमापक केलेला, बुडाला खड्डे असतात म्हणून तिथं खडे आणि मेण ओतून सपाट केलं होतं. पहिल्याच जुलैत एका रात्रीत भरून वाहिला. पोरं सकाळी धावत आली, गुरुजी, पाऊस मावला नाही!

तीच बाटली इथं आणून गच्चीवर बांधली तर जूनमधे तिच्यात काय सापडावं, दोन मुंगळे आणि बोटभर धूळ.

तर सांगायचं म्हणजे आपल्याकडं पाऊस येण्याची तऱ्हाच निराळी. जूनमधे जो पडतो तो निम्मा विजांचा, दुपारी तापतं, चारला आभाळ भरतं, वादळ सुटतं, पत्रे उडतात, बांधाला पाणी आणि पलीकडच्या शिवारात ठणठणाट. विजेनं दरवर्षी माणसं जातात, जनावरं जातात. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेनं विजेचा इशारा देणारं दामिनी नावाचं ॲप काढलंय, मी वर्गातल्या सगळ्या पोरांच्या घरच्या फोनमधे टाकून दिलंय, तुम्ही रोज संध्याकाळी एकदा त्याचं नाव घेतलं तर तुमचं काय जाईल. आणि जुलैनंतर आमचा खरा पाऊस अरबी समुद्राकडून नाही, बंगालच्या उपसागराकडून येतो. तिकडं ओडिशाला कमी दाब झाला आणि तो पश्चिमेला सरकत आला की आमचं भागतं. टीव्हीवर तुम्ही रोज दाखवता तो किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा, तो कोकणाला झोडपतो, आम्हाला त्याचं नुसतं आभाळ आणि गार वारा. पारावरची माणसं म्हणतात कोकणात एवढा चाललाय, म्हणजे उद्या आपल्याकडं. असं नसतं हो. पुष्कळदा तर तिकडं चालू असताना इकडं खंड असतो.

ह्याचा सगळ्यात मोठा पुरावा मला २०२१ ला मिळाला. २६ सप्टेंबरला गुलाब नावाचं चक्रीवादळ आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ चढलं. टीव्हीवर दोन दिवस ओडिशा-आंध्र, ओडिशा-आंध्र. आम्ही म्हटलं लांब आहे. वादळ विरलं म्हणून तुम्ही विषय सोडला आणि ते विरलेलं वादळ तेलंगणातनं आमच्या डोक्यावर येऊन बसलं. २७ आणि २८ ला मांजरा, तेरणा दोन्ही पात्राबाहेर, सोयाबीन काढणीला आलेलं, कापून ठेवलेल्या गंजी डोळ्यांदेखत वाहत गेल्या. आमच्या ओढ्याला मी एवढं पाणी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. आणि पुढं काय झालं, तर ते तसंच सरकत सरकत अरबी समुद्रात उतरलं, तिथं पुन्हा वादळ झालं, नाव शाहीन, आणि ३ ऑक्टोबरला ओमानला जाऊन धडकलं! म्हणजे समुद्रापासनं एवढ्या लांब असलेल्या आमच्या औसा तालुक्यावरनं एक वादळ ह्या समुद्रातनं त्या समुद्रात गेलं. मी त्या रात्री हर्णैच्या मित्राला फोन करून सांगितलं की आमच्याकडचं पाठवून दिलंय, सांभाळा. तो म्हणाला पाठवू नका गुरुजी, आमचं निसर्गचंच अजून निस्तरून झालेलं नाही.

निसर्ग म्हणजे ३ जून २०२० चं चक्रीवादळ, अलिबागच्या दक्षिणेला चढलेलं. मी तेव्हा बदलून आलेलो होतो. दापोली-मंडणगडची माडा-पोफळीची वाडी आडवी झाली, माझ्या जुन्या शाळेचे पत्रे गेले, आठवडाभर कुणाचा फोन लागेना. मी तिथं असताना बघितलेलं वादळ २००९ चं, फयान, ११ नोव्हेंबर. नोव्हेंबरात कुणाच्या ध्यानीमनी वादळ नसतं, होड्या समुद्रात होत्या. दुपारी वारा असा फिरला की व्हरांड्यातली घंटा आपोआप वाजायला लागली. आम्ही शाळा सोडली, पण चौथीतली एक मुलगी जाईना, तिचे वडील बाहेर गेलेले. खांबाला धरून उभी आणि मला विचारतेय, "गुरुजी, वारा कधी पडणार?" मी काय सांगणार, मला तेव्हा तीन नंबरचा बावटा म्हणजे काय ते पण नीट माहीत नव्हतं. तिचे वडील दुसऱ्या बंदरात शिरले होते, परवा दिवशी आले. सगळ्यांचे नाही आले. माझी पहिली वही त्या आठवड्यात सुरू झाली.

असो, विषय लांबला. हिवाळ्याचं फार सांगत नाही, कारण हिवाळ्यात तुम्ही फारसं काही चुकीचं सांगत नाही. फक्त एक, 'कोकणात थंडी' म्हणून जेव्हा दापोलीचा आकडा दाखवता तेव्हा तो डोंगरावरचा आहे हे पण सांगा, दापोलीत स्वेटर आणि खाली हर्णैला नुसतं बनियन, अशी कैक पहाट मी काढलीय. आमच्याकडं परभणीला कृषी विद्यापीठाचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो तेव्हा तो पेपरात येतो, पण येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या आसपास सकाळी जी धुई पडते आणि तुरीचा फुलोरा खाली गळतो, ते कुठंच येत नाही. कोकणात तोच काळ आंब्याच्या मोहोराचा, तिथं नुसतं दोन दिवस मळभ आलं तरी तुडतुडे आणि भुरी म्हणून पेपरात पान भरून असतं. रागानं नाही म्हणत, आंबा महाग आहे, कळतं मला.

'मुसळधार' हा तुमचा आवडता शब्द. तिकडं एका रात्रीत दोनशे मिलिमीटर पडलं तरी मुसळधार आणि इकडं चाळीस पडलं तरी मुसळधार. कोकणात जांभ्या दगडावरनं दोन तासांत पाणी समुद्रात जातं, एवढं की एप्रिलला त्याच वाड्यांत टँकर लागतो, हे मी स्वतः हंडा घेऊन उभं राहून बघितलंय. २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, अख्ख्या देशानं बघितलं, आणि त्याच आठवड्यात मी तीन हजार मिलिमीटरच्या गावात टँकरच्या रांगेत होतो, स्टाफरूममधे सगळे मला चिडवत होते की लातूरकरांनी इकडं पण आणला दुष्काळ. आमच्या काळ्या रानात उलट, साठ-सत्तर एकदम पडलं तर पाणी जायला वाट नसते, रान चिबडतं, आठ दिवस वापसा येत नाही, पीक पिवळं पडतं. सरकारी हिशोबात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी. त्यात पण गंमत, एक पाऊस माझ्या गच्चीवर ८१ होता आणि काही किलोमीटरवरच्या मंडळाच्या यंत्रात ४८, म्हणजे कागदावर आमच्या गावात अतिवृष्टी झालीच नाही. यंत्र खोटं नाही, पाऊसच तसा तुकड्या-तुकड्यानं पडतो. पण मग 'लातूर जिल्ह्यात सरासरी इतका' ह्या आकड्याचं आम्ही करायचं काय?

तुम्ही म्हणाल आम्ही काय करणार, हवामान खातं देतं ते सांगतो. तसं नाहीय. खातं जिल्ह्याजिल्ह्याचा अंदाज देतं, मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला येतो, परभणीहून आमच्या भागाचा वेगळा येतो, त्यात पेरणी करा का थांबा, फवारणी करा का नको, सगळं असतं. साध्या मराठीत असतं. तुम्ही ते ठेवता बाजूला आणि मरीन ड्राइव्हवर पोराला उभं करता, लाट अंगावर आली की बातमी झाली. ती लाट पावसाची नसतेच बऱ्याचदा, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या उधाणाची असते, हर्णैतलं शेंबडं पोर सांगेल. आणि यूट्यूबवाल्या मंडळींना तर हात जोडून विनंती, तीन महिने आधी तारखा देऊ नका हो. अमुक तारखेला औसा, निलंगा, उमरग्यात पाऊस म्हणून तुम्ही सांगता, दहा तारखा सांगितल्या की दोन बसतातच, आणि बसलेल्या दोनच लोकांच्या लक्षात राहतात. आमच्या गावात लोक म्हैस, बेडूक, मेंढा ही नक्षत्रांची वाहनं पण बघतात, तेवढाच अंदाज त्यांचा पण बसतो, आणि त्याला डेटा पण लागत नाही.

मला तुमच्याकडून फार नको. 'महाराष्ट्रात मान्सून' म्हणायच्या आधी कुठल्या जिल्ह्यापर्यंत, ते सांगा, आणि त्याच वाक्यात म्हणा की मराठवाड्यात पेरणीलायक पाऊस अजून नाही. थांबला तर रोज सांगा की थांबलाय, लाल पट्टीवर, मोठ्या अक्षरात. पाऊस कुठल्या समुद्राकडनं येतोय ते सांगा, लोकांना कळतं, आमची माणसं आडाणी नाहीत, नकाशा दाखवला तर बोट ठेवून विचारतात. उपसागरात काही झालं तर विदर्भाच्या पुढं पण बघत जा. आणि काल सांगितलेलं चुकलं तर आज म्हणा चुकलं, आम्ही काय फाशी देणार नाही. माझ्या वहीत माझे स्वतःचे अंदाज पण लिहिलेत, चुकलेल्यावर फुली मारलीय, पानंच्या पानं फुल्या आहेत.

आण्णांनी ह्या वर्षी कबूल केलंय की बाटलीत एकूण ७५ झाल्याशिवाय तिफणीला हात लावणार नाही. ते स्वतः सकाळी साडेआठला गच्चीवर चढून बघतात, आदल्या दिवशी काहीच पडलेलं नसलं तरी. तुमची बातमी लागली की मात्र अजून आवाज मोठा करतात. तेवढं सांभाळून बोला.

आपला,
एक मास्तर
औसा तालुका, जि. लातूर

ता.क. तो माठ. कोकणात मी त्याच्यात पुढं तांदूळ ठेवत होतो. बदली झाल्यावर परत एसटीत मांडीवर धरून आणला, धुतला, ओसरीत ठेवून पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तांब्या प्यायलो, दात ठणकले.